यल्लप्पा, भादव्या आणि न आलेले दामले

"नाव पंचांगात सापडेल," अंबादासनं पहिली खूण दिली आणि सरांनी चहाचा पेला खाली ठेवायच्या आत 'संशयकल्लोळ' म्हणून टाकलं.

"नाटक झालं. पात्र?"

इथं सर अडकले. कारण देवलांनी त्या नाटकात पुरुषांना महिन्यांची नावं दिली आहेत आणि बायकांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, आश्विनशेट, वैशाखशेट. रेवती, कृत्तिका, रोहिणी, मघा. पंचांगात सगळेच सापडतात. नाटक एका खुणेत फुटतं आणि पात्र मात्र गर्दीत शिरून बसतं. अंबादास गालात हसत होता. त्याच्या घरी तेलुगू, दिवसभर सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या मागांचा खडखडाट, आणि नाट्यपदं आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पाठ.

दुसरी खूण: "संशय मालकाला येतो, हेलपाटे ह्याला पडतात."

"भादव्या!" मी आणि वैशाली एकदमच ओरडलो. फाल्गुनरावांचा नोकर. पहिली खूण फुकट गेली नव्हती, तरीही सरांनी तक्रार केलीच, की पंचांग ही खूण पात्राची नव्हे, नाटककाराची आहे. तिथून जे सुरू झालं ते रात्री चहावाल्यानं स्टोव्ह विझवला तरी संपलं नाही.

खेळ सांगतो. हुतात्मा स्मृती मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, पार्क चौकाच्या बाजूला, एका बंद दुकानाच्या पायऱ्या हा आमचा कट्टा. पूर्वी प्रयोग सुटला की इथं बसून नट-नाटक सोलून काढायचं. हल्ली प्रयोग कमी आणि बसणं जास्त झालंय, त्यातून हे निघालं. एकानं जुन्या नाटकातलं दुय्यम पात्र मनात धरायचं, तीन खुणा द्यायच्या, बाकीच्यांनी ओळखायचं. पहिल्या खुणेत फुटलं तर चहाचे पैसे पात्र धरणाऱ्याकडं, तिसरीपर्यंत नाही फुटलं तर बाकीच्यांकडं. नटाचं नाव खुणेत घ्यायचं नाही, हा नियम नंतर आला. नौशाद एकदा 'कट्यार काळजात घुसली' मधली झरीना धरून बसला आणि खूण दिली, "ही भूमिका करणारी बाई आपल्या गावची." फैय्याज सोलापूरच्या आहेत हे इथं शाळेतल्या पोरालाही माहीत. अर्ध्या सेकंदात फुटलं. शिवाय झरीना दुय्यम कशी, हा वाद वेगळाच.

भादव्यावरून वैशालीला चेव आला. "माझी पाळी. मी धरलंय ते कृत्तिकाच्या हातात सापडतं आणि घर पेटतं."

"तसबीर," सर म्हणाले. "पण ती वस्तू आहे. बाद."

"बाद कशी सर? रेवती चक्कर येऊन पडते, तिच्या हातातली आश्विनशेटची तसबीर तिथंच राहते, फाल्गुनरावाची बायको कृत्तिका ती उचलते, फाल्गुनराव बघतो. पुढचं सगळं नाटक त्या एका तसबिरीवर चाललंय. आणि १९१६ ला गाणी घालून संगीत होण्याआधी हेच नाटक गद्यात होतं, तेव्हा नावच होतं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. जिचं नाव नाटकाला दिलं ती तुमच्या लेखी पात्र नाही, आणि भादव्या आहे?"

"तसबीर बोलत नाही."

"भादव्या तरी काय भाषण करतो?"

सरांनी वस्तू बादच ठेवल्या. सर निवृत्त शिक्षक, त्यामुळे बाद करण्याचा अधिकार त्यांच्याकडं आपोआप जातो.

मग अण्णा. अण्णांचं किराणा दुकान, घरी कन्नड, बोलणं मोजकं. त्यांनी खूण दिली, "मंडळाचा सभासद आहे. नाव आपल्या बाजूचं."

मंडळ म्हटल्यावर 'एकच प्याला' मधलं आर्यमदिरामंडळ सोडून दुसरं काय येणार? सिद्धू म्हणाला, "तळीराम." त्यावर सगळ्यांनी त्याला धुतला. तळीराम काय दुय्यम आहे का बे? सुधाकरच्या हातात पहिला प्याला कोण देतो? शिवाय तळीराम हे आपल्या बाजूचं नाव कधी झालं? सर मनात यादी लावत होते: शास्त्री, खुदाबक्ष, मन्याबापू, जनूभाऊ, सोन्याबापू, मगनभाई...

"यल्लप्पा," अंबादास म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. गडकऱ्यांनी दारूच्या एका टेबलाभोवती शास्त्रीही बसवला, खुदाबक्षही बसवला, गुजराती मगनभाई आणला आणि कानडी यल्लप्पाही आणला. पिणाऱ्याला जातपात नसते हे त्यांनी भाषण न ठोकता नुसत्या नावांवर दाखवलं. अण्णांचं म्हणणं असं, की लहानपणी पुस्तकात ते नाव वाचलं तेव्हा त्यांना वाटलं, पुण्या-मुंबईच्या नाटकात आपला एक माणूस शिरलाय. दारू प्यायला का होईना.

"आणि गडकऱ्यांनी हे नाटक स्टेजवर पाहिलंच नाही," सर म्हणाले. "२३ जानेवारी १९१९ ला गेले, २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व मंडळीनं पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. यल्लप्पा कुणी केला हे मात्र कुणाला विचारू नका."

"हेच सांगायलोय मी," सिद्धू उसळला. "यल्लप्पाला नाव आहे म्हणून अण्णांनी धरला. त्याच नाटकात तळीराम अंथरुणाला खिळल्यावर डॉक्टर आणि वैद्य उशाशी येऊन भांडतात. त्यांना नावं नाहीत. पण प्रयोगात हशा कुणाला पडतो? यल्लप्पाला की त्या दोघांना?"

"ज्याला नाव नाही तो पात्र नाही. ती नुसती भूमिका," सर.

"मग मी दोन तास कोण होतो सर?"

हे ऐकायला आम्ही सगळे थांबलो, कारण सिद्धू त्या विषयावर क्वचित बोलतो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यांच्या हौशी ग्रुपनं 'घाशीराम कोतवाल' बसवलं होतं. सिद्धू भिंतीत होता. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, त्या नाटकात कापडी पडद्याचं काम माणसं करतात. धोतर नेसलेले ब्राह्मण ओळीनं उभे राहतात, डोलतात, गातात. मध्येच ओळ उघडते आणि आत नाना फडणवीस दिसतात. ओळ मिटली की आत जे चाललंय ते झाकलं जातं. सिद्धू डावीकडून तिसरा. पायऱ्यांवर उभं राहून त्यानं दाखवलंच: डाव्या खांद्यावर शेजाऱ्याचा हात, उजवा हात पुढच्याच्या पाठीवर, घामानं तळवा निसटायचा म्हणून बोटं रुतवून धरायची, आणि डोलताना पायाची टाच कधी उचलायची ते मृदंगावर ठरलेलं. एकाची टाच चुकली की भिंतीला भगदाड पडायचं.

"पाठ फिरवली की भिंत, तोंड फिरवलं की पुण्याचे बामण," तो म्हणाला. "पत्रिकेत माझं नाव 'इतर' मध्ये. पण घाशीराम मरताना टाळ्या वाजवणारे आम्हीच आणि आधी त्याला वाढवणारेही आम्हीच. आम्हाला काढा आणि करा नाटक."

यावर सरांकडं उत्तर नव्हतं असं मी म्हणणार नाही. सरांकडं नेहमी उत्तर असतं. ते म्हणाले, "तो समूह. समूह हे पात्र होऊ शकतं, सुटा तू नाही." सिद्धू म्हणाला, "मग निम्मा चहा मी पितो." जब्बार पटेलांनी १९७२ ला पुण्यात ते नाटक पहिल्यांदा उभं केलं आणि जब्बार शाळेत सोलापूरलाच होते, त्यामुळे त्या भिंतीवर आमचा थोडा हक्क आहे, असं नौशादनं मध्येच घुसवलं. सोलापूरकराला अशा ठिकाणी हक्क सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं मत मी तेव्हा सांगितलं आणि इथंही सांगतो. नाव आहे की नाही, वाक्यं किती, ह्यावर दुय्यमपण ठरवू नये. तो माणूस नाटकातून काढून बघा, काय बंद पडतं ते. सर्वांत चांगलं उदाहरण 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधला सामंत. त्या गावातला साधा माणूस. नाटक मंडळी आल्यावर हॉल उघडून देतो, खुर्च्या लावतो, कौतुकानं बघत राहतो. सुरुवातीलाच नायिका बेणारेचं बोट दाराच्या कडीत सापडतं तेव्हा तोच शेजारी. सगळे एकमेकांना ओळखून आहेत, एकमेकांवर जळतात, आणि सामंताला कुणाबद्दल काहीच माहीत नाही. मंडळी खेळ म्हणून बेणारेवर खोटा खटला चालवतात, त्यात चौथा साक्षीदार कमी पडतो म्हणून त्याला उभा करतात. तो बिचारा मनानं काहीतरी रचून सांगतो, आणि ते नेमकं बेणारेच्या वर्मी लागतं. बाकीच्यांनी द्वेषानं केलं असतं तर ती परतवू शकली असती. ह्याच्या मनात काहीच नाही, म्हणून तो घाव चुकवता येत नाही. शेवटी तिच्याजवळ कापडी पोपट ठेवून जाणाराही तोच. सामंत काढला तर खेळ खेळच राहतो, खटला होत नाही.

"मग दामले," नौशाद म्हणाला.

"दामले काय?"

"तुम्ही म्हणायलास काढून बघ. दामले तर आधीच काढलाय, आणि तरी सगळं त्याच्यामुळंच चाललंय. मी पुढच्या वेळी दामले धरणार होतो. प्राध्यापक, बायकापोरांचा, बेणारेला अडकवून नामानिराळा."

"दामले चालणार नाही," सर. "स्टेजवर पाऊल ठेवत नाही."

"योरिक तरी कुठं ठेवतो?" वैशाली म्हणाली.

सरांना हॅम्लेट काढलेलं आवडतं. आगरकरांनी १८८३ ला त्याचं 'विकारविलसित' केलं, इथपासून ते सुरू होणार होते, पण वैशालीनं थांबवलं. पाचव्या अंकात थडगं खणणारा येतो. नाव नाही. राजपुत्राला उलट उत्तरं देणारा सगळ्या नाटकातला हाच एक मोकळा माणूस. तो कवटी वर काढतो आणि सांगतो, ही राजाच्या विदूषकाची, मरून तेवीस वर्षं झाली. योरिक एक शब्द बोलत नाही. जिवंतपणी येत नाही. तरी हॅम्लेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कवटी हातात घेतलेलाच माणूस येतो.

"कवटी येते ना पण," सर म्हणाले. "हाडाची का होईना, काहीतरी येतं. दामल्याचं काय येतं स्टेजवर? चष्मा? चप्पल?"

"मूल येतं," वैशाली म्हणाली.

"म्हणजे?"

"बेणारेच्या पोटात आहे ते. पहिल्यापासून शेवटपर्यंत ते स्टेजवरच आहे. शिक्षा कुणाला सुनावतात? बेणारेला जगायला सोडतात, गर्भ नष्ट करायचा निकाल देतात. सुलभा देशपांड्यांची बेणारे बघितलेले लोक अजून ते शेवटचं सांगतात. आरोपी ती, शिक्षा त्याला, आणि ते दामल्याचं आहे. अजून काय आणायचं दामल्यानं?"

नौशादनं मांडीवर थाप मारली. "सुटला आपला दामले!"

"थांब," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात पोराला फळ्यापाशी बोलवतानाचं हसू आलं. "वैशाली म्हणते ते शंभर टक्के खरं. म्हणजे पात्र कोण ठरलं? मूल. दामले नव्हे. मूल धर, मी एका खुणेत ओळखतो आणि चहाही पाजतो. दामले गैरहजर तो गैरहजरच."

"सर, हे चीटिंग आहे."

"हा युक्तिवाद आहे. 'शांतता' मधल्या सुखात्मे वकिलालाही सुचला नसता."

नौशाद चिडून उभा राहिला, परत बसला. अण्णांनी तोडगा काढला: गैरहजर पात्रांची वेगळी वर्गवारी, तिला अर्धा चहा. सिद्धूनं लगेच विचारलं, मग भिंतीचा अर्धा आणि दामल्याचा अर्धा मिळून एक होतो का. चहावाला गल्ला मोजत होता, त्यानं न बघता सांगितलं की अर्धा चहा तो विकत नाही.

सर उठले, चप्पल शोधू लागले. तेवढ्यात अंबादास, जो बराच वेळ गप्प होता, म्हणाला, "सर, रावते?"

"कोण रावते?"

"चौथा साक्षीदार मुळात रावते होता की. तो आला नाही म्हणून सामंत उभा राहिला. रावते आला असता तर सामंत साक्ष देत नाही, सामंत साक्ष देत नाही तर वर्मी काही लागत नाही. दामल्याचं मूल तरी येतं. रावत्याचं काहीच येत नाही, आणि न येऊन सगळं तोच करतो. ह्याला किती चहा?"

सर एका पायात चप्पल घालून खाली बसले.