एका चावीत सुरू झाली म्हणून जुनी डिझेल गाडी ठणठणीत ठरत नाही

नागपुरात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. म्हणणं असं: डिझेल इंजिन पाच लाख किलोमीटर मरत नाही, तेव्हा दीड-दोन लाख चाललेली डिझेल बिनधास्त घ्या. फक्त गाडी एका चावीत सुरू व्हावी, काळा धूर नको, डिपस्टिकवरचं ऑइल काळं नको आणि चेक इंजिनचा दिवा बंद असावा. या चार ओळींवर भरवसा ठेवून लोक साठवलेले पैसे गाडीत घालतात, म्हणून प्रत्येक मुद्दा तपासायला हवा.

‘पाच लाख मरत नाही.’ ब्लॉक आणि क्रँक या इंजिनाच्या मूळ भागांपुरतं हे बऱ्याच इंजिनांना लागू पडतं. पण दीड लाखानंतर खर्च निघतो तो डिझेल फवारणारे इंजेक्टर, हवा दाबून भरणारा टर्बो, जळका धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह, क्लच आणि ज्या गाड्यांत असतं तिथे ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे झटके शोषणारं दुहेरी जड चाक) यांचा. मेसेजमधल्या चार कसोट्यांपैकी एकही यांतला कोणताच भाग नीट तपासत नाही.

‘एका चावीत सुरू व्हावी.’ कधी? हे विचारल्याशिवाय या ओळीला अर्थ नाही. विकणारा तुम्ही यायच्या आधी गाडी गरम करून ठेवू शकतो, म्हणून सर्वांत आधी बॉनेटवर आणि रेडिएटरच्या नळीवर हात ठेवा. गरम लागली तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. त्यात नागपूरचा मे महिना असेल तर पहाटेही 28-30 अंश असतात. एवढ्या उकाड्यात निकामी ग्लो प्लगची (थंड इंजिन सुरू करताना आतून गरम करणाऱ्या कांडीची) गाडीसुद्धा पटकन सुरू होते आणि डिसेंबरात खरं रूप दाखवते. ग्लो प्लगची वायर काढून मल्टिमीटर लावा. चांगल्या प्लगचा रोध साधारण एक ओमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो; सर्किट उघडं दाखवलं तर प्लग गेला.

थंड स्टार्ट पास झाली तरी काम अर्धंच झालं. अर्धा तास चालवून गाडी बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चावी मारा. आता स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला तर इंजेक्टर आतून गळत असण्याची शक्यता मोठी, कारण डिझेल गरम होऊन पातळ झाल्यावर रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीत, पुरेसा दाब तयार होत नाही. खात्रीसाठी मिस्त्रीकडून रिटर्न टेस्ट करून घ्या: चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि गाडी दोन-तीन मिनिटं जागेवर चालू ठेवायची. एका बाटलीत इतरांपेक्षा ठळकपणे जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेलेला. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि फुस-फुस आवाज असेल तर तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर स्वस्त आहे, पण उशीर झाला की इंजेक्टर हेडमध्ये घट्ट चिकटतो आणि काढणंच महागात पडतं.

‘काळा धूर नको.’ निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर न जळलेलं डिझेल, गोडसर वास असेल तर कूलंट. मेसेजमध्ये या दोन्हींचा उल्लेखच नाही. 2020 च्या एप्रिलपासून लागू झालेल्या बीएस-6 (प्रदूषणाचं नवं मानक) गाड्यांत डीपीएफ नावाचा सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला फिल्टर काजळी अडवतो, म्हणून तिथे धूर पाहण्याऐवजी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. बोट काळंकुट्ट झालं तर फिल्टर फुटलेला किंवा काढून टाकलेला असू शकतो.

‘ऑइल काळं नको.’ हा सगळ्यात चुकीचा मुद्दा. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे डिझेलच्या ऑइलचं कामच आहे; निरोगी इंजिनातही ते काही शे किलोमीटरांत काळं पडतं. विकायला काढलेल्या गाडीत सोनेरी ऑइल दिसलं तर ते नुकतंच बदललंय एवढाच त्याचा अर्थ, आणि आवाज दाबायला जाड ऑइल भरलं नाही ना, हे बिल मागून पाहावं. पातळी ‘मॅक्स’च्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर जास्त सावध व्हा. बर्डी ते मनीषनगर अशा शहरातल्या छोट्या फेऱ्याच मारणाऱ्या बीएस-6 गाडीत डीपीएफची सफाई अर्धवट राहते आणि साचलेली काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल टर्बोची बेअरिंग खातं. समृद्धी महामार्गावर नियमित धावलेली दोन लाखांची गाडी अशा नव्वद हजारांच्या गाडीपेक्षा बरी निघू शकते. म्हणून मीटरचा आकडा एकटा पाहू नका. तो मागेही फिरवता येतो, सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून घ्या.

ऑइलच्या रंगाऐवजी झाकण तपासा. इंजिन गरम असताना, जागेवर चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सोडवून तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडलं, धुराचे लयीत झोत आले, तर पिस्टनच्या रिंग झिजल्या असू शकतात.

‘दिवा बंद म्हणजे ठीक.’ इंजिन सुरू न करता चावी ऑन केल्यावर हा दिवा आधी लागलाच पाहिजे. लागला नाही तर दिवा गेलेला आहे किंवा कोणी तरी छेडछाड केली आहे. गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’ दिसतं. तिथे दहा-पंधरा किलोमीटर असेल तर दिवा सकाळीच घालवलेला आहे.

मेसेजमध्ये नसलेल्या आणखी काही गोष्टी. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची नळी काढून पाहा: ऑइलचा पुसट थर चालतो, डबकं चालत नाही. टर्बोचा दांडा आत-बाहेर हलता कामा नये. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढताना चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाला पूर्ण रेस द्या. आरपीएम चढले पण वेग नाही, तर क्लच घसरतोय. नंतर दुपारच्या उन्हात एसी चालू ठेवून वीस मिनिटं उभी करा आणि तापमानाचा काटा पाहत राहा. कूलंटच्या टाकीत कूलंटऐवजी बोअरचं पाणी असेल तर रेडिएटरमध्ये क्षार साचलेलेच समजा.

टायमिंगचं, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह यांची लय जुळवणाऱ्या चेन किंवा बेल्टचं, इंजिनानुसार बघावं लागतं. मारुती, टाटा आणि फियाटच्या गाड्यांत आलेल्या 1248 सीसी इंजिनाला चेन आहे. थंड स्टार्टला पहिल्या काही सेकंदांत खडखड आली तर चेन सैल झाल्याचा संशय घ्या. रेनो डस्टरच्या 1.5 डिझेलला बेल्ट आहे आणि तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा, आणि बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), वॉटर पंप व मजुरी सौदा करतानाच किमतीतून वजा करा.