सेटिंगला हात लावला की फोन बिघडतो म्हणे!

एक फॉरवर्ड फिरतोय, बहुतेकांनी बघितला असेल. कस्टमायझेशन (फोन आपल्या सोयीने बदलून घेणं) म्हणजे रिकामटेकड्या पोरांचे उद्योग, साध्या माणसाने फोन आला तसाच वापरावा, सेटिंगला हात लावला की बिघडतो, आणि आयफोनमध्ये काही बदलता येत नाही म्हणूनच तो सोपा.

पहिलं, 'आला तसाच' म्हणजे कसा? स्वस्तातले बरेच फोन नको त्या ॲप्सनी भरून येतात, वर दिवसभर ऑफरच्या नोटिफिकेशन. हे तुमच्या सोयीसाठी नाही लावलेलं. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, नोटिफिकेशन दाबून धरली की फक्त ऑफरवाली कॅटेगरी बंद करता येते, डिलिव्हरीची चालू राहते (ॲपवाल्याने सगळं एकाच कॅटेगरीत कोंबलं नसेल तर, तेही करतात लबाड).

दुसरं, रिकामटेकडे उद्योग. अहो, कस्टमायझेशनची खरी गरज आईवडिलांनाच जास्त असते, चाळिशी लागलेल्या माणसाला फॉन्ट मोठा हवा, जेस्चर, म्हणजे बोट सरकवून मागे-पुढे जाणं, जमत नसेल तर खाली तीन बटणं परत आणायला हवीत, टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) बोटाने मराठी लिहिता येतं. अँड्रॉइड 13 पासून तर फोन इंग्रजीत ठेवून एखादंच ॲप मराठीत करता येतं, अर्थात त्या ॲपमध्ये मराठी असेल तर. ह्यात टेकी काय आहे?

बिघडतो म्हणाल तर, फॉन्ट बदलून फोन बिघडत नाही, परत लहान करा, झालं. उलट आयकॉन चुकून सरकले आणि 'माझं व्हॉट्सॲप गेलं' अशी बोंब होते, त्यावर उपाय सेटिंगमध्येच आहे, सॅमसंगमध्ये होम स्क्रीनचा लेआउट लॉक होतो, शिवाय मोठ्या आयकॉनचा इझी मोडही आहे.

आयफोनचं तर सोडाच. दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड 2014 ला आला, होम स्क्रीनवर विजेट (हवामान, कॅलेंडर असे छोटे चौकोन) 2020 ला, आयकॉन हवे तिथे ठेवायची सोय 2024 ला. ॲपलनेच 2023 मध्ये असिस्टिव्ह ॲक्सेस दिलं, मोजकीच ॲप्स आणि मोठी बटणं, घरातलं कोणीतरी सेट करून देतं. म्हणजे सोपा करायलाही बदलावाच लागतो.

थर्ड पार्टी लाँचर (होम स्क्रीनच बदलून टाकणारी बाहेरची ॲप्स), आयकॉन पॅक वगैरेंच्या नादी लागू नये हे मात्र मान्य, फुकटातले बरेच जाहिराती दाखवतात आणि भलत्याच परमिशन मागतात. पण फॉन्ट मोठा करायला असलं काही टाकावं लागत नाही, सेटिंग, मग डिस्प्ले, तिथेच आहे.