भरावात मिठाचं पोतं टाकू नका

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या घराचं काम जोत्यापर्यंत आलंय. "दादा, उद्या भराव पडतोय. मिस्त्री म्हणतायत दोन पोती मीठ आणून ठेवा." मीठ कशाला, म्हटलं, तर तिने तो मजकूर पुढे पाठवला. मला तो आधीच तीन ग्रुपवर येऊन गेला होता. वाचून मी सोडून दिला होता. सोडायला नको होता.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्वतः घर बांधणाऱ्यांना तळमजल्याच्या जमिनीबद्दल त्यात पाच सल्ले आहेत. एक, उष्णता वर जाते, म्हणून जमिनीखाली इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, घालणं म्हणजे पैसे मातीत. दोन, दोन फूट भराव घाला, मातीसारखं इन्सुलेशन नाही. थर्माकोल तर दबतोच. तीन, भरावात दर ब्रासला एक पोतं मीठ टाका, ओल आणि वाळवी जन्मात येणार नाही. चार, प्लास्टिकचा कागद अंथरू नका, जमिनीचा श्वास कोंडतो. पाच, जोतं उंच करण्यात आत्ता पैसे घालू नका, जमीन नंतर आतून कधीही उचलता येते.

आधी मीठ, कारण बाकीच्या चुका निदान निस्तरता येतात.

मीठ ओल अडवत नाही, ओल बोलावतं. बरणीचं झाकण उघडं राहिलं की दमट दिवसांत मिठाला पाणी सुटतं, हे प्रत्येकाने पाहिलंय. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. आर्द्रता उतरली की त्याचे पुन्हा खडे होतात. जमिनीखाली, भिंतीच्या बुडाशी हेच वर्षानुवर्षं चालू राहतं. विरघळलेलं मीठ ओलीबरोबर गिलाव्यात चढतं, तिथे पाणी उडून जातं आणि खडे मागे राहतात. ते वाढताना गिलावा आतून फोडतात. याला आपण खार फुटला म्हणतो, लोणा लागला म्हणतो. अनेक घरांत तो मातीतल्या क्षारांमुळे लागतो आणि लोक त्यापायी हैराण होतात. इथे माणसाला तो पोत्याने विकत आणून घालायला सांगितलंय.

काही वर्षांपूर्वी असाच सल्ला ऐकून बांधलेल्या एका घराची जमीन मी उकरताना पाहिली आहे. फरशीवर काठी आपटली की खालून पोकळ आवाज यायचा. स्कर्टिंगच्या वर हातभर उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले होते. बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागली. जिभेला लावून पाहिली, खारट. कोपऱ्यात प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची काँक्रीटची तुळई, उघडी केली तेव्हा सळईच्या रेषेत काँक्रीटला सरळ चीर गेलेली दिसली. खिळ्याने खरवडलं तर सळईवरून गंजाचे थर सुटून आले. घर बांधून दहा वर्षंही झाली नव्हती.

हे असंच होणार होतं. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई टिकते ती सिमेंटच्या अल्कलीमुळे तिच्यावर एक अतिशय पातळ संरक्षक थर धरतो म्हणून. मिठातलं क्लोराइड तोच थर भेदतं. मग सळई गंजते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि काँक्रीट आतून चिरतं.

माझ्या शब्दावर जाऊ नका. साध्या आणि सळईच्या काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आहे आयएस 456. त्याच्या 2000 सालच्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय, की सळई असलेल्या काँक्रीटमध्ये, ते ओततेवेळी, एका घनमीटरला जास्तीत जास्त 0.6 किलो क्लोराइड चालतं. मिठाच्या वजनात सुमारे 60 टक्के क्लोराइड असतं. म्हणजे घनमीटरला एक किलो मीठ झालं की मर्यादा संपली. कालवायच्या पाण्यातसुद्धा सळईच्या काँक्रीटसाठी लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड चालत नाही. समुद्राचं पाणी तर कालवायलाही नको आणि काँक्रीटवर मारायलाही नको, असं तेच मानक सांगतं. आता पोत्याचा हिशेब करा. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर. 50 किलोचं पोतं धरलं तर घनमीटरला साडेसतरा किलोच्या वर मीठ झालं. भराव म्हणजे काँक्रीट नव्हे, हे कबूल. सगळं मीठ बीममध्ये शिरणार नाही, हेही कबूल. पण भरावाला टेकून प्लिंथ बीम आहे, कॉलमचे बुंधे आहेत, आणि मधली ओल मिठाला तिथवर नेऊन पोचवायला बसली आहे. त्यातला थोडा भाग पोचला तरी पुरे.

वाळवीचं म्हणाल तर ती भिंत आणि जमीन यांच्या सांध्यातून, पाइप जिथून वर येतात तिथल्या फटीतून चढते. मिलिमीटरभर फट तिला पुरते आणि तिला ओल हवीच असते. सांधे बंद करा, ओल तोडा, बांधकामाआधी मातीवर वाळवीरोधक औषधाची रीतसर फवारणी करून घ्या. मिठाचा यात काही संबंध नाही.

दुसरा घातक सल्ला पाचवा, जमीन नंतर उचलण्याचा. वाचायला तो अगदी शहाणपणाचा वाटतो म्हणून जास्त फसवा आहे. जोत्याच्या माथ्यावर भिंतीत ओलरोधक थर असतो, ज्याला सगळे डीपीसी म्हणतात. बाहेरची जमीन त्याच्या निदान 150 मिलिमीटर खाली राहावी आणि आतल्या जमिनीखालचा प्लास्टिकचा कागद त्याच्याशी जुळावा, अशी सगळी रचना असते. नंतर आतून फूटभर भराव घातला की ओली माती त्या थराच्या वरच्या भिंतीला जाऊन टेकते. थर जागच्या जागी शाबूत असतो आणि ओल त्याला वळसा घालून भिंतीत शिरते.

शिवाय दार. 2100 मिलिमीटरच्या दाराचं 1800 होतं, उंच माणूस वाकून आत येतो. 900 वर असलेली खिडकीची कड 600 वर येते, म्हणजे चालायला लागलेलं मूल तिथे सहज चढणार. जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या जमिनीत जातात. संडास-बाथरूमचे ट्रॅप आणि भांडं उचलल्याशिवाय उतार मिळत नाही. आणि वजन: फूटभर भराव म्हणजे चौरस मीटरला 500 किलोच्या वर, तीन बाय चारच्या खोलीत साडेसहा टनांच्या आसपास. खालचा जुना भराव नीट ठोकलेला नसेल तर एवढ्या ओझ्याखाली तो बसतो आणि नव्या जमिनीला तडे जातात.

बाहेरचा रस्ताच वर आला आणि पाणी घरात यायला लागलं तर जमीन उचलण्यावाचून इलाज नसतो, हे मान्य. तेव्हासुद्धा नुसता भराव ओतून भागत नाही. भिंतीचा खालचा गिलावा काढायचा, नव्या जमिनीच्या वरपासून जुन्या डीपीसीच्या खालपर्यंत आतून वॉटरप्रूफिंगचा उभा थर द्यायचा, नवा कागद त्याला जोडायचा आणि मगच भराव. हे सगळं आधीच जोतं दोन थर उंच घेण्यापेक्षा कितीतरी जास्त काम आहे.

उष्णतेचं लवकर संपवतो. वर जाते ती गरम हवा. उष्णता गरमकडून थंडकडे जाते, दिशा कुठलीही असो. थंड प्रदेशात ती जमिनीतून, विशेषतः घराच्या कडेकडेने, सतत निसटत असते. आणि माती म्हणजे इन्सुलेशन नव्हे. वाळू-मुरमाची उष्णतावाहकता साधारण 2 धरतात, जमिनीखाली घालायच्या थर्माकोलच्या पाटीची 0.035 च्या आसपास. म्हणजे 50 मिलिमीटर पाटीचं काम मातीकडून करून घ्यायला जवळजवळ तीन मीटर भराव लागेल.

यात अर्धं खरं आहे ते सांगायलाच हवं. उष्ण प्रदेशात काही मीटर खालची माती वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ स्थिर असते, त्यामुळे उघडी फरशी उन्हाळ्यात घर थंड ठेवते. तिथे जमिनीखाली पाटी घालून तो गारवा का तोडायचा? बहिणीलाही मी पाटी घालू नको असंच सांगितलं. मजकुराचं उत्तर तिच्यापुरतं बरोबर निघालं, पण दिलेलं कारण चूक आहे आणि थंडीत राहणारा माणूस त्याच कारणाने फसेल.

थर्माकोल दबतो हे टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलबद्दल खरं. जमिनीखालची पाटी भाराच्या प्रतीप्रमाणे मिळते. 100 किलोपास्कलची, म्हणजे चौरस मीटरला सुमारे दहा टनांची, पाटी कायमच्या भारासाठी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच धरली, तरी चौरस मीटरला तीन टन होतात. घराच्या जमिनीवर 200 किलो धरतात. वर काँक्रीटचा थर हवा, एवढंच.

आणि तो श्वास. घर हवा घेतं ते खिडक्यांतून. खालून येते ती मातीतली वाफ, आणि ती अडवायलाच 250 मायक्रॉनचा कागद असतो. मातीची जमीन आणि डीपीसी नसलेल्या भिंती अशा जुन्या घरात मधोमध कागद घातला तर ओल भिंतींकडे वळते. ही तक्रार खरी आहे आणि बहुधा तिथूनच हा सल्ला निघाला असावा. नव्या घराला तो लागू नाही. कागद कच किंवा वाळूच्या थरावर अंथरा म्हणजे दगडाने फाटणार नाही, सांध्याला 150 मिलिमीटर एकावर एक घ्या, चिकटवा आणि कडेने वर वळवून डीपीसीला भिडवा.

बहिणीकडचा भराव काल पडला, बिनमिठाचा. 150 मिलिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस, वर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर. मिस्त्रींनी मानक वाचून घेतलं आणि जास्त वाद घातला नाही.

ज्यांच्या भरावात मीठ आधीच पडलंय त्यांनी काँक्रीट ओतायच्या आत ते थर उचलून बाहेर काढावेत, निदान बीम आणि कॉलमला लागून असलेले तरी. पाणी मारून धुऊन जाईल अशी आशा धरू नका. ते खालच्या मातीत उतरतं आणि ओलीबरोबर परत वर येतं.