किडनीचे डॉक्टर दोन असतात, हे त्या आजोबांना कोण सांगणार होतं?

आत्ताच जळगावहून अमळनेरला परत आलोय, जेवण व्हायचंय, पण हे लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

आबांना चेकअपला नेलं होतं. आमच्या बाकावर चोपड्याकडचं एक म्हातारं जोडपं बसलेलं, पहाटेच्या एसटीने आलेले, आजोबांच्या हातात मेडिकलची थैली आणि थैलीत रिपोर्ट. आजीचं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसेल तर रक्तात वाढतं ते) वाढलंय, गावच्या डॉक्टरांनी सांगितलं किडनीवाल्याला दाखवा. बोर्डावर किडनीचं चित्र होतं, म्हणून हे तिथे गेले. काउंटरवर ५०० रुपये घेतले, केस पेपर काढला आणि ९ वाजेपासून दुपारी १ पर्यंत बसवून ठेवलं. आत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर. का? तर हे डॉक्टर युरॉलॉजिस्ट आहेत, म्हणजे मुतखडा, प्रोस्टेट, लघवीच्या मार्गाचे ऑपरेशन. क्रिएटिनिन वाढणं, डायलिसिस हे बघणारा नेफ्रॉलॉजिस्ट वेगळा असतो आणि तो तिथे फक्त शनिवारी येतो. पैसे परत मिळाले नाहीत. आजोबा माझ्याकडे बघून म्हणे, "आते कोठे जावानं भाऊ?"

मला काही बोलताच आलं नाही. कारण ३ वर्षांपूर्वी आम्हीपण असेच फिरलोय.

आबांच्या तळव्याला मुंग्या यायच्या, रात्री आग व्हायची. पाय म्हणजे हाड, एवढंच आपल्याला कळतं, म्हणून हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला, चांगला आला, गोळ्या दिल्या. मग कपाशीच्या वावरात पऱ्हाटीचा खुट पायात घुसला आणि आबांना कळलंसुद्धा नाही, संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा रक्त दिसलं. तेव्हाच समजायला पाहिजे होतं. जखम भरेना म्हणून आम्ही स्किनवाल्यांकडे गेलो, त्यात महिना गेला. शेवटी शेजारच्या कंपाउंडर काकांनी सांगितलं की आधी फिजिशियनला दाखवा. त्या मॅडमनी आबांना डोळे मिटायला लावले, नायलॉनचा एक बारीक दोरा तळव्याला टेकवला आणि विचारलं कुठे लागतंय? आबा गप्प. शुगर ४०० च्या वर होती, पायाच्या नसा बधिर झालेल्या. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं.

हां, हाडाच्या डॉक्टरांची बाजू पण असेल, पाय दाखवायला आलो तर पाय बघितला.

पण फिजिशियन म्हणजे काय, हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं! आणि मी फ्लेक्स आणि बोर्डाचं काम करतो, किती डॉक्टरांच्या पाट्या माझ्या हाताने झाल्यात. ते अक्षरं लिहून देतात, मी छापतो. एमडी. कशाचा एमडी? शुगर-बीपी-ताप बघणारा एमडी (हाच फिजिशियन), लहान मुलांचा एमडी, स्किनचा एमडी, भूल देणारा एमडी, आयुर्वेदातला पण एमडी. एमएस म्हणजे सर्जन, पण हाडाचा एमएस, डोळ्यांचा एमएस, कान-नाक-घशाचा एमएस. एमबीबीएसनंतर ३ वर्षं शिकून एमडी-एमएस होतात, त्याच्यापुढे आणखी ३ वर्षं करून डीएम किंवा एमसीएच होतात. नेफ्रोवाला डीएम, युरोवाला एमसीएच. हे त्या चोपड्याच्या आजोबांनी बोर्डावरून ओळखायचं का?

न्यूरोचं तर विचारूच नका. आमच्या मावशीला न्यूरोला दाखवा म्हटलं तर ती रडायला लागली, मी काय वेडी झाले का म्हणे. मनाचे आजार सायकियाट्रिस्ट बघतात, न्यूरोवाले मेंदूचे आणि नसांचे, लकवा, फिट वगैरे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं (आणि मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात तरी काय लाज आहे). लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लागू असेल तर साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन करावं लागतं. आपल्याकडे आधी मालिश, मग जवळचा दवाखाना, मग गाडी शोधा. वेळ तिथेच संपते ना.

काउंटरवरच्या त्या पोरीवर मी आज खूप चिडलो. नंतर वाटलं ती वीस वर्षांची पोर, तिला कोणी शिकवलंय? तिला फक्त पैसे घ्यायला बसवलंय. पण रिपोर्टवर क्रिएटिनिन लिहिलेलं होतं, पैसे घ्यायच्या आधी कोणीतरी एकदा वाचायला काय हरकत होती, चार तास वाचले असते त्या माउलीचे. गर्दी असते, मान्य. एकेका डॉक्टरला ऐंशी-ऐंशी पेशंट असतात, मान्य.

आणि आपलं पण चुकतं, हेही लिहितो. गावच्या डॉक्टरला आपण मोजत नाही, सरळ "मोठ्या"कडे पळतो. रात्री २ वाजता दार उघडणारा गावचा बीएएमएसवालाच असतो, त्यानेच एका चिठ्ठीवर नेफ्रॉलॉजिस्ट एवढं लिहून दिलं असतं तरी आजची फेरी वाचली असती.

आजोबांचा नंबर घेतलाय. शनिवारी सकाळी बस स्टँडवर मी घ्यायला जाणार आहे. आबा म्हणे मी पण येतो.

आणि माझ्या लिस्टमध्ये जे डॉक्टर आहेत त्यांना हात जोडून सांगतो, डिग्रीच्या खाली मराठीत एक ओळ टाका, "इथे शुगर, बीपी, ताप बघतात" किंवा "मुतखडा, प्रोस्टेटचे ऑपरेशन, डायलिसिस नाही" अशी. जुन्या बोर्डावर पट्टी मी लावून देतो, अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव कुठेही. पैसे नको. फक्त इनबॉक्सला ओळ पाठवा.