ॲलिस गप्प बसत नव्हती

गेल्या आठवड्यात आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. सांगलीच्या मावशीने टाकला आणि खाली माझ्या भाचीला नाव घेऊन लिहिलं, "वाच गं, पूर्वीच्या बायका कशा निभावून न्यायच्या." भाचीच्या लग्नाला दीड वर्ष झालंय. नवरा रागाच्या भरात हात उगारतो, हे तिने दिवाळीत पहिल्यांदा आईपाशी बोलून दाखवलं. मावशीला ते माहीत आहे. माहीत असून तिने हे पाठवलं, म्हणून मी नुसतं 'खोटं आहे' लिहून थांबत नाही.

फॉरवर्ड थोडक्यात असा. १९५५ साली अमेरिकेत 'द हनीमूनर्स' नावाची विनोदी मालिका होती. त्यातला बस ड्रायव्हर नवरा बायकोला रोज मारायचा आणि लोक पोट धरून हसायचे. बायको उलटून एक शब्द बोलायची नाही, म्हणूनच त्या गरिबाचा संसार टिकला. बायकोचं काम करणाऱ्या पहिल्या नटीला हे सोसलं नाही, ती सोडून पळाली. मग स्त्रीमुक्तीवाल्यांनी मोर्चे काढून वर्षभरात मालिका बंद पाडली. आज तिचा एकही भाग पाहायला मिळत नाही. शेवटी नेहमीचंच: पटलं तर दहा जणींना पाठवा.

शेवटचा दावा आधी घेते, कारण तो खोटा आहे हे कळलं की बाकीचे कुणालाही घरबसल्या तपासता येतील. मालिकेचे ३९ भाग झाले आणि ते ३९ च्या ३९ शिल्लक आहेत. त्या काळात बहुतेक कार्यक्रम थेट दाखवले जायचे आणि टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून त्यांची अंधुक नक्कल ठेवली जायची. ही मालिका मात्र इलेक्ट्रोनिकॅम नावाच्या यंत्रावर, थेट फिल्मवर उतरवली गेली. न्यूयॉर्कच्या अडेल्फी थिएटरात सुमारे हजार प्रेक्षकांसमोर प्रयोग व्हायचा आणि त्याच वेळी चित्रीकरण. म्हणून आजही चित्र स्वच्छ दिसतं. न्यूयॉर्कच्या अकरा नंबरच्या वाहिनीवर हे भाग कित्येक वर्षं रात्री लागत. मी न्यू जर्सीत आले तेव्हा इंग्रजी कानावर पडावं म्हणून बघायला लागले आणि पुढे सगळे पाहिले, काही तर चार-चार वेळा. माझा मुख्य पुरावा म्हणजे हे ३९ भाग. कुणीही लावून बघावेत.

यात अर्धं खरं एवढंच, की मालिकेच्या आधी आणि नंतर याच पात्रांचे छोटे प्रवेश नवऱ्याचं काम करणाऱ्या जॅकी ग्लीसनच्या कार्यक्रमात व्हायचे, त्यातले पुष्कळसे लोकांना बरीच वर्षं पाहायला मिळाले नव्हते. १९८०च्या दशकात ते 'हरवलेले भाग' या नावाने बाहेर आले. ते हरवलेही नव्हते, ग्लीसननेच जपून ठेवले होते.

आता मूळ दावा. नवरा बायकोला मारायचा.

एकाही भागात हा नवरा, राल्फ क्रॅमडेन, बायकोवर, ॲलिसवर हात टाकत नाही. एकाही नाही. तो मूठ वळतो, ती नाचवतो, "एक ना एक दिवस थोबाडातच देईन" म्हणतो, "चंद्रावर पाठवीन" म्हणून ओरडतो. हे वारंवार होतं आणि लोक हसतात. एवढं मला कबूल करावं लागतं आणि ते करताना बरं वाटत नाही. बायकोला मारण्याची धमकी हा विनोदाचा विषय होऊ शकतो असं त्या काळच्या लेखकांना वाटलं आणि प्रेक्षकांनाही. त्या हजार प्रेक्षकांत घरी खरोखर मार खाणारी एखादी बाई बसलेली असणारच, हा विचार आज पाहताना मनातून जात नाही. मालिकेवर माझा जीव आहे, पण एवढ्या एका गोष्टीची बाजू मी घेणार नाही.

पण धमकीनंतर काय होतं, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पाहिलेलंच नाही, किंवा पाहून लपवलंय. राल्फ मूठ नाचवतो तेव्हा ॲलिस हलत नाही. ती मागे सरत नाही, चेहऱ्यापुढे हात धरत नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहते आणि त्याचं ओरडून होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहते. मग एक वाक्य बोलते आणि त्याची हवा जाते. तो एकदा तिला सुनावतो, मी इथला साहेब आहे आणि तू कुणीच नाहीस. ती म्हणते, वा, म्हणजे कुणीच नसलेल्यांचे साहेब तुम्ही! उलटून एक शब्द न बोलणारी बाई ती हीच का?

पहिलाच भाग घ्या, १ ऑक्टोबर १९५५चा. ॲलिसला टीव्ही हवा आहे. घरात फ्रिज नाही, बर्फाची लादी ठेवायची पेटी आहे. एक टेबल, एक कपाट, एक शेगडी, खिडकीबाहेर लोखंडी जिना. आठवड्याला ६२ डॉलर आणणारा नवरा पैसे सोडायला तयार नाही. ती त्याला तोंडावर सांगते, की तू दिवसभर बाहेर असतोस, मी मात्र ही बर्फाची पेटी, ही शेगडी, हे सिंक आणि या चार भिंती बघून विटले आहे, मला लिबराची बघायचाय. लिबराची म्हणजे त्या वेळचा लाडका पियानोवादक. दिवसभर एका खोलीत राबणाऱ्या बाईने आपल्या करमणुकीचा हक्क इतक्या सरळ शब्दांत मागितलेला मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही. आणि टीव्ही घरात येतो.

दुसऱ्या एका भागात राल्फचं काम सुटतं. ॲलिस ऑफिसात नोकरी धरते, राल्फ एप्रन बांधून घर सांभाळतो आणि ते किती जड आहे ते त्याला कळतं. आणखी एका भागात तो तिच्या घरकामाला नावं ठेवतो, तर ती बाहेर काम शोधते आणि त्याला घरकामाला बाई ठेवावी लागते. एका भागात वर्तमानपत्राचा बातमीदार रस्त्यात त्याला विचारतो, तुमच्या घरात हुकूम कुणाचा चालतो? राल्फ छाती काढून सांगतो, माझा. ते फोटोसकट छापून येतं आणि तोच अंक घरी ॲलिसच्या हाती लागतो. पुढचा सगळा भाग त्या एका फुशारकीची किंमत मोजण्यात जातो. हा एकच भाग मावशीने पाहिला असता तरी तो फॉरवर्ड पुढे ढकलताना तिचा हात अडखळला असता.

संसार टिकला तो बायको गप्प बसल्यामुळे, हे तर उघड उलटं आहे. प्रत्येक वेळी चूक राल्फची असते. झटपट श्रीमंत होण्याच्या त्याच्या योजना, त्याच्या थापा, त्याचा अहंकार. बहुतेक भागांच्या शेवटी तो मान खाली घालून, अडखळत कबुली देतो आणि तिला मिठीत घेऊन म्हणतो, बेबी, तुझ्यासारखी तूच. नाताळच्या भागात तिला भेटवस्तू आणता यावी म्हणून तो आपला जिवापाड जपलेला बोलिंगचा चेंडू विकतो. हे घर उभं आहे कारण नवरा चुकल्यावर माफी मागतो आणि बायको चूक दाखवायला घाबरत नाही. गप्प बसण्याने टिकलेलं यात मला काहीच दिसत नाही.

भाचीसाठी हेच वेगळं लिहायला हवं. ॲलिसला राल्फची भीती वाटत नाही, हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. त्याची मूठ कधीच तिच्यापर्यंत पोचणार नाही, याची तिला खात्री असते आणि आपल्यालाही. तू दिवाळीत आईला जे सांगितलंस ते सांगताना तुझा आवाज बारीक झाला होता, तुझ्या आईनेच मला फोनवर सांगितलं. तुला ती खात्री नाही. म्हणून हे दोन संसार शेजारी ठेवून तुला कुणी शिकवण देऊ नये. आपल्याकडे २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, त्यात मारण्याची धमकीही येते, नुसतं मारणंच नव्हे. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. हे मावशीच्या त्याच ग्रुपवर मी लिहिलंय, इथेही लिहिते.

पहिली नटी पळाली, हा दावा माझ्या मते सगळ्यात निर्दय आहे. १९५१ साली ड्यूमाँट वाहिनीवर हे प्रवेश सुरू झाले तेव्हा ॲलिस झाली होती पर्ट केल्टन. ती अतिशय ताकदीची नटी होती आणि तिची ॲलिस तर राल्फपेक्षाही कडक होती. तो काळ अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढण्याच्या उन्मादाचा होता. नुसत्या संशयावरून कलावंतांची नावं काळ्या यादीत टाकायची आणि त्यांचं काम तोडायचं, असं चाललं होतं. केल्टनचं नाव त्या यादीत गेलं आणि १९५२मध्ये कार्यक्रम सीबीएसवर गेला तेव्हा तिला वगळण्यात आलं. लोकांना सांगितलं गेलं की तिला हृदयाचा त्रास आहे. तिचं काम राजकारणाने हिरावून घेतलं, आणि सत्तर वर्षांनंतर कुणीतरी तिला 'सोसलं नाही म्हणून पळाली' म्हणतं. तिला पुन्हा तोच अन्याय.

तिच्या जागी आलेली ऑड्री मेडोजही सोसणाऱ्यांतली नव्हती. ग्लीसनने तिला आधी नाकारलं, कारण ती त्याला या भूमिकेसाठी फार तरुण आणि देखणी वाटली. तिने सकाळी उठल्या उठल्या, विस्कटलेल्या केसांनी आपले फोटो काढून घेतले आणि त्याच्याकडे पाठवले. ते पाहून तिला काम मिळालं. तिचा भाऊ वकील होता. मालिका पुन्हा दाखवली गेली तर प्रत्येक वेळी तिला पैसे मिळतील, अशी अट त्याने करारात घालून घेतली. तेव्हा पुनर्प्रक्षेपणाचा विचारही फार जण करत नसत. शेजारीण ट्रिक्सी झालेल्या जॉइस रँडॉल्फच्या करारात तशी अट नव्हती.

मोर्च्यांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. मालिका संपली सप्टेंबर १९५६मध्ये. अमेरिकेतल्या स्त्रियांची नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन ही संघटना स्थापन झाली १९६६ साली. खरं कारण हे, की मालिकेचे प्रायोजक असलेल्या ब्युइक मोटारवाल्यांशी झालेला करार दोन वर्षांच्या ७८ भागांचा होता आणि ग्लीसनने पहिल्या ३९ नंतर स्वतःच थांबायचं ठरवलं. या दर्जाचं लिखाण पुढे मिळत राहणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मालिका पडली असंही कुणी म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे: एनबीसीवर समोर पेरी कोमोचा गाण्यांचा कार्यक्रम होता आणि प्रेक्षक तिकडे गेले. तरी त्या वर्षीच्या पहिल्या विसांत ती होतीच. आणि पात्रं संपली नाहीतच. ग्लीसनच्या पुढच्या कार्यक्रमांत राल्फ आणि ॲलिस परत परत येत राहिले, १९७०च्या दशकातल्या विशेष भागांत तर पुन्हा मेडोजच ॲलिस होती.

एक गोष्ट फॉरवर्डमध्ये मुद्दा म्हणून नाही, पण 'गरिबाचा संसार' या शब्दांत दडली आहे. जणू गरिबाघरी नवऱ्याने हात उगारणं ठरलेलंच. राल्फचं घर ३२८, चॉन्सी स्ट्रीट. ही ब्रुकलिनची खरी गल्ली, ग्लीसन तिथेच वाढला. तो नऊ वर्षांचा असताना वडील घर सोडून निघून गेले, परत आलेच नाहीत. आईने भुयारी रेल्वेत काम करून त्याला वाढवलं आणि तो एकोणीस वर्षांचा असताना ती गेली. मालिकेतली ती उघडी-बोडकी खोली त्याने त्या दिवसांवरूनच उभी केली. टीव्हीवरची बरीचशी कुटुंबं तेव्हा उपनगरातल्या अंगणवाल्या घरांत राहायची. याच्या मालिकेत एक बस ड्रायव्हर आणि वरच्या मजल्यावर गटारात काम करणारा एड नॉर्टन. त्या दोन घरांतल्या बायका मान वर करून बोलतात. आईच्या कष्टांवर वाढलेल्या माणसाने त्या खोलीत मान खाली घातलेली बाई उभी केली नाही, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

मी रोज न्यू जर्सीहून बसने मॅनहॅटनला येते. पोर्ट ऑथॉरिटी बस स्थानकाबाहेर, एट्थ ॲव्हेन्यूच्या बाजूला, राल्फचा ब्राँझचा पुतळा आहे, ड्रायव्हरच्या गणवेशातला. इथल्या मराठी लोकांपैकी शेकडो जण रोज त्याच्यासमोरून जातात. खाली पाटीवर लिहिलंय: बस ड्रायव्हर, रॅकून लॉजचा (हा मालिकेतला त्याचा क्लब) खजिनदार, स्वप्नाळू. परवा तिथे उभी राहून मी भाचीला फोन केला. तिला पाच भागांची नावं पाठवली होती. पहिला तिने पाहिला होता. ती म्हणाली, "आत्या, ती इतकी जोरात बोलते आणि तो खरंच काहीच करत नाही?" मी म्हटलं, नाही करत. मग ती बराच वेळ काही बोलली नाही. रविवारी आम्ही दोघी फोनवर मिळून दुसरा भाग बघणार आहोत, त्या बातमीदाराचा.