नामांतर बाजूला ठेवून विद्यापीठाचा इतिहास? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर. तुम्ही आणीबाणीच्या काळात विद्यापीठात एमएला होतात असं लिहिलंय म्हणून सर म्हणते. कमेंट मोठी आहे, मनापासून लिहिलेली आहे, तिला दोन ओळीत धन्यवाद म्हणून सोडून देणं बरं वाटेना. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: सरांचं म्हणणं असं की मी मराठवाडा विद्यापीठाचा इतिहास लिहायला घेतला आणि निम्मा लेख नामांतरावरच, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याच्या लढ्यावरच घातला, विभाग, संशोधन, चांगले शिक्षक यांच्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. दुसरं म्हणजे विद्यापीठात राजकारण शिरलं आणि तिथूनच दर्जा घसरला. आणि तिसरं, नांदेडला वेगळं विद्यापीठ काढणं ही निव्वळ राजकीय सोय होती.

आधी राजकारण शिरलं या वाक्याबद्दल बोलू, कारण मला ते मुळातच पटत नाही. सर, हे विद्यापीठ जन्मलंच राजकारणातून. निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या पोराला डिग्री हवी असली की उस्मानिया, आणि ती हैदराबादला. १९१८ ला निघालेल्या उस्मानियात शिकवायचे उर्दूतून. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, ते श्रेय द्यायलाच पाहिजे, पण बीड-परभणीच्या शेतकऱ्याच्या घरात ती भाषा नव्हती ना. १९३८ ला वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिले, पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यातलेच. मग ४८ ची पोलीस ॲक्शन, ५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादला विद्यापीठाचं उद्घाटन. यातलं कुठलं पान राजकारणाशिवाय आहे ते सांगा.

आता त्याच्याही आधीचं. विद्यापीठ ५८ चं, पण बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज औरंगाबादला १९५० लाच सुरू झालं होतं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. ५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद त्याच्या पायाभरणीला आले होते. म्हणजे विद्यापीठाच्या आठ वर्षं आधी इथे एक माणूस जमीन घेऊन, इमारती बांधून, वसतिगृह काढून खेड्यातली लेकरं आणून शिकवत होता, आणि फक्त दलितांची नाही, सगळ्या जातीची पोरं तिथे शिकली, तुमच्याच वर्गात मिलिंदवरून आलेले किती होते ते आठवून बघा. मिलिंदचा परिसर म्हणजे नागसेनवन, तिथून विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मग विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या ही मागणी बाहेरून आणून चिकटवलेली कशी म्हणायची? तिला या मातीतलाच आधार होता.

आणि त्या मागणीला उत्तर काय मिळालं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि त्याच रात्रीपासून मराठवाड्यात दलित वस्त्या जळायला लागल्या. ज्या घरातलं कुणी कधी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं ती घरं जाळली, लोक लेकरंबाळं घेऊन गाव सोडून पळाले, आणि नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा जीव गेला. ७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडेंच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला, हजारो लोक पायी, वाटेत अटका. ९३ च्या नोव्हेंबरमध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतलं. मग १४ जानेवारी १९९४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव आलं, म्हणजे जुनं नाव राहिलंच, म्हणून तर त्याला नामविस्तार म्हणतात. ठरावापासून अंमलबजावणीपर्यंत सोळा वर्षं. एका विद्यापीठाच्या नावासाठी एवढी माणसं गेली आणि इतिहासात त्याला एक परिच्छेद पुरे असं मला कुणी कितीही सांगितलं तरी माझ्या हातून ते होणार नाही सर.

तुम्ही दर्जाचं म्हणता. घसरला, हो, मला पण त्रास होतो. पण कारण नावात शोधू नका. ८० नंतर विनाअनुदानित कॉलेजांचं पीक आलं, दिसेल त्या पुढाऱ्याने संस्था काढली, आणि विद्यापीठाचा निम्मा जीव संलग्नता देण्यात आणि परीक्षा घेण्यात जायला लागला, पेपर काढा, तपासा, निकाल लावा, पुन्हा रिचेकिंग. वर प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं अडकलेली. माणूस रिटायर होतो, जागा तशीच रिकामी, आणि नेट-सेट, पीएचडी झालेली पोरं तासिका तत्त्वावर तासाच्या हिशोबाने शिकवतात, उन्हाळ्यात कॉलेज बंद की पगार बंद. माझ्या ओळखीत असे आहेत की ज्यांचं चाळिशी आली तरी लग्न ठरत नाही कारण नोकरी परमनंट नाही. याचा नामांतराशी काय संबंध? ज्या विद्यापीठांच्या नावावरून कधी ब्र निघाला नाही तिथेही हेच चाललंय.

राहिला विभागांचा मुद्दा. तो रास्त आहे आणि त्याच्यासाठी वेगळा भाग पहिल्यापासून ठरलेला होता. त्यात भोकरदनचं उत्खनन येईल, १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केलेलं, आपल्याकडून डॉ. रमेश गुप्ते होते. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहन काळात भरभराटीचं व्यापारी गाव. विद्यापीठातलं इतिहास वस्तुसंग्रहालय, कमलाकर सोनटक्क्यांचा नाट्यशास्त्र विभाग, हे सगळं येणार आहे. पण तिथेही बघा, गंगाधर पानतावणे सर मराठी शिकवत होते आणि अस्मितादर्श चालवत होते, कित्येक दलित लेखकांचं पहिलं लेखन त्या त्रैमासिकात आलं. ते शैक्षणिक काम म्हणायचं की चळवळ? मला तरी दोन्ही वेगळं करून दाखवता येत नाही.

दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जी गर्दी होते ती तुम्ही गोंधळ म्हणून एका शब्दात उडवलीत, त्याचं मात्र वाईट वाटलं. एकदा संक्रांतीला येऊन बघा. जालना, परभणी, हिंगोलीकडून टेम्पो भरून माणसं येतात, पांढऱ्या साड्यातल्या बाया गेटसमोर वाकून नमस्कार करतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूला पुस्तकांचे स्टॉल. जिला स्वतःला वाचता येत नाही अशी आजी नातवाला विचारून विचारून पुस्तक घेते, कमरेची पिशवी सोडून पैसे मोजते. विद्यापीठाबद्दल एवढी माया असलेली माणसं अजून कुठल्या विद्यापीठाला मिळालीत?

नांदेडचं म्हणाल तर तडजोड होतीच, नामविस्तारानंतर त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ते विद्यापीठ निघालं, योगायोग नक्कीच नाही. पण किनवटच्या पोराच्या बाजूने विचार करा. मार्कशीटवर नाव चुकलं तर आधी नांदेड गाठा, तिथून पुढे अडीचशे किलोमीटर औरंगाबाद, बाबू म्हणाला उद्या या तर मुक्काम कुठे करायचा? हैदराबाद लांब पडतं म्हणून औरंगाबादला विद्यापीठ मागितलं, मग औरंगाबाद लांब पडतं हे नांदेडवाल्यांनी म्हणू नये का. आणि धाराशिवला पुढे २००४ ला उपकेंद्र निघालं तेही याच कारणाने.

ऊसतोडीला आईबाप गेलेत आणि पोरगं इथे होस्टेलला राहून कमवा व शिकामध्ये काम करून एमएस्सी करतंय, बीड जिल्ह्यातली अशी कितीतरी आहेत, त्यांच्यावरही लिहायचंय. तेव्हा नामांतराचा भाग कमी करणार नाही, उलट पुढच्या लेखात ७८ च्या दंगलीत गाव सोडावं लागलेल्यांच्या आठवणी घेतेय. तुमच्याकडे तुमच्या वेळचे विभागाचे फोटो, वार्षिक अंक काही असेल तर ईमेल करा, विभागांच्या भागात तुमच्या नावासकट वापरीन.