वयापेक्षा जोडाक्षरं बघा

मुलांसाठी पुस्तकं कशी निवडावीत यावरच्या लेखातला ‘वयानुसार पुस्तक घ्या’ हा सल्ला अपुरा आहे. मुखपृष्ठावरचं ‘६ ते ८ वर्षे’ सोडा, मधलं एखादं पान मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. पाच-सहा शब्दांवर अडखळलं तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. अडतं ते बहुतेकदा जोडाक्षरांवर, गोष्टीवर नाही. आपल्या सोलापुरात तर घरी तेलुगू नाहीतर कन्नड आणि शाळेत मराठी अशी कितीतरी पोरं. त्यांच्यासाठी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर बऱ्याच गोष्टी घरच्या भाषेत आणि मराठीतही फुकट आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या. आधी घरच्या भाषेत ऐकवा, मग तीच मराठीत वाचायला द्या. माहितीच्या पुस्तकात मात्र चित्रातल्या भागांना नावं दिलीत का, हे तपासा. आणि गोष्टीच्या शेवटी ठळक अक्षरांत ‘तात्पर्य’ छापलेलं दिसलं, तर खुशाल परत ठेवा!